बी१२ आणि डी कमी निघालंय, मग बाकीचे सगळे त्रास त्यामुळेच का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४६, डायबेटीसला बरीच वर्षं झाली, मेटफॉर्मिन चालू, ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी, गेले काही महिने पायांना मुंग्या, दिवसभर थकवा, केस गळतायत, मन लागत नाही. तपासणीत बी१२ निघालं १६८ आणि व्हिटॅमिन डी १३. टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं हॉर्मोन, थायरॉईड जास्त झालं की हे खाली जातं) पण खाली गेलाय म्हणून थायरॉईड जास्त आहे असं कुणीतरी सांगितलं. केसांसाठी बायोटिनची गोळी तुम्ही स्वतःहून घेताय. आणि विचारलंय की हे सगळं व्हिटॅमिनच्या कमतरतेमुळेच झालंय का, ती भरून काढली की शुगर, थायरॉईड, मूड सगळं मार्गी लागेल का.

सरळ उत्तर असं की मुंग्या बी१२मुळे असायची चांगलीच शक्यता आहे आणि तुमच्या यादीतली सगळ्यात घाईची गोष्ट तीच आहे, बाकी सगळं एक महिना थांबलं तरी चालेल पण ते नाही. थकव्यात बी१२चा आणि डीचा थोडा वाटा असू शकतो. शुगर त्यामुळे झालेली नाही आणि गोळ्यांनी जाणारही नाही. आणि थायरॉईडचं म्हणाल तर तुम्हाला कदाचित थायरॉईडचा आजारच नाहीये, रिपोर्ट चुकीचा आलेला असू शकतो, त्यावर खाली सविस्तर लिहिते कारण ते फार महत्त्वाचं आहे.

मी इतकी वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करतेय, आणि या विषयात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की रिपोर्टवर एखादा आकडा लाल अक्षरात आला की लगेच गोळी सुरू होते, पण तो आकडा कमी का झाला हे कुणी विचारतच नाही. ना पेशंट, ना बऱ्याचदा डॉक्टर. व्हिटॅमिन कमी असणं आणि दुसरा आजार असणं या दोन गोष्टी एकाच माणसात दिसल्या तर त्यांचं नातं वेगवेगळं असू शकतं. कधी कमतरतेने आजार होतो. कधी आजाराने किंवा त्याच्या औषधाने कमतरता होते. कधी दोघांच्या मागे तिसरंच काहीतरी असतं, आणि कधी दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नसतो, फक्त एकाच वेळी सापडले इतकंच. तुमच्या एकट्याच्या रिपोर्टमध्ये यातले बहुतेक प्रकार आहेत म्हणून तुमचा प्रश्न मला इतका सविस्तर उत्तर देण्यासारखा वाटला.

बी१२पासून सुरू करू. हे व्हिटॅमिन शरीरात जायचा रस्ता बराच लांबचा आहे. अन्नात ते प्रोटीनला चिकटलेलं असतं, पोटातलं ॲसिड आणि पेप्सिन ते सुटं करतात, मग पोटाच्या अस्तरातल्या पेशी इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं एक प्रोटीन बनवतात ते पुढे लहान आतड्यात बी१२ला पकडतं, आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात पोचली की तिथे शोषली जाते. या रस्त्यात कुठेही अडथळा आला तरी खाण्यात बी१२ भरपूर असूनही रक्तात कमी दिसतं. रोजची गरज मोठ्या माणसाला फक्त २.४ मायक्रोग्रॅम, आणि लिव्हरमध्ये साठा काही मिलिग्रॅमचा, म्हणजे रोजच्या गरजेच्या हजारपटीच्या आसपास. त्यामुळे शोषण बंद झालं तरी दोन-चार वर्षं काहीच कळत नाही. माणूस म्हणतो माझं खाणं तर बदललेलंच नाही मग आत्ताच कसं कमी झालं, तर झालेलं असतं हे की अडथळा खूप आधीच आलेला असतो आणि साठा आत्ता संपलेला असतो.

आता तुमच्या बाबतीत दोन अडथळे समोरच आहेत. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की आतड्यातलं बी१२चं शोषण कमी होतं, हे पक्कं माहीत आहे, डोस जितका जास्त आणि वर्षं जितकी जास्त तितका धोका जास्त. आणि ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या जातीच्या गोळ्या पोटातलं ॲसिडच कमी करतात त्यामुळे पहिल्याच पायरीवर बी१२ अन्नातून सुटं होत नाही. दोन्ही एकत्र म्हणजे अडचण दुप्पट. म्हणून डायबेटीसने बी१२ कमी झालं असं म्हणण्यापेक्षा डायबेटीसच्या औषधाने झालं असं म्हणणं जास्त बरोबर. पण कृपा करून हे वाचून मेटफॉर्मिन बंद करू नका. ते उत्तम औषध आहे, ते चालू ठेवून बी१२ देता येतं, आणि वर्षातून एकदा लेव्हल बघत राहायची. ॲसिडिटीच्या गोळीबद्दल मात्र डॉक्टरांना नक्की विचारा की ही अजून लागतेय का, कारण कितीतरी लोक कधीतरी दोन आठवड्यांसाठी दिलेली गोळी वर्षानुवर्षं घेत असतात आणि मूळ कारण कधीच संपलेलं असतं. एकदम बंद केली तर काही दिवस ॲसिडिटी उसळते, म्हणून हळूहळू कमी करायची.

तिसरी शक्यता पण तपासायला हवी, पर्निशियस ॲनिमिया. यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती पोटाच्या त्या पेशींवर आणि इंट्रिन्सिक फॅक्टरवर हल्ला करते. पूर्वी हा आजार जीवघेणा होता. १९२०च्या दशकात मायनट आणि मर्फी यांनी पेशंटना रोज मोठ्या प्रमाणात लिव्हर खायला घालून तो आटोक्यात आणून दाखवला, व्हिपल यांच्या कुत्र्यांवरच्या कामावरून त्यांना ती दिशा मिळाली होती, आणि या तिघांना १९३४ साली नोबेल मिळालं. लिव्हरमधला तो नेमका पदार्थ म्हणजे बी१२ हे कळायला मात्र १९४८ उजाडलं. हे इथे सांगायचं कारण असं की हा ऑटोइम्यून आजार एकटा येतोच असं नाही, ऑटोइम्यून थायरॉईड, टाईप १ डायबेटीस, कोड यांच्याबरोबर तो जास्त दिसतो. म्हणजे एखाद्याला थायरॉईड आणि बी१२ दोन्ही बिघडलेलं दिसलं तर बी१२ कमी झाल्याने थायरॉईड बिघडलं असा अर्थ नसतो, दोघांच्या मागे एकच प्रवृत्ती असू शकते. इंट्रिन्सिक फॅक्टरच्या अँटिबॉडीची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर निदान जवळपास पक्कं, निगेटिव्ह आली तर आजार नाहीच असं मात्र म्हणता येत नाही कारण अर्ध्याअधिक पेशंटमध्ये ती निगेटिव्ह येऊ शकते.

आता मुंग्या. डायबेटीस आहे आणि पायाला मुंग्या आहेत म्हटल्यावर लगेच डायबेटिक न्यूरोपॅथी, म्हणजे डायबेटीसने नसा खराब होणं, असं लिहिलं जातं आणि विषय बंद होतो, आणि हे चुकीचं आहे, कारण डायबेटीसच्या नसा आणि बी१२च्या नसा वरवर एकसारख्याच दिसतात, पण पहिल्या प्रकारात झालेलं नुकसान फारसं परत फिरत नाही आणि दुसऱ्या प्रकारात वेळेत पकडलं तर फिरतं. फरक कसा ओळखायचा? बी१२च्या कमतरतेत मज्जारज्जूच्या मागच्या भागावर परिणाम होतो, तिथून शरीराच्या स्थितीची आणि थरथरीची जाणीव मेंदूकडे जाते. म्हणून पेशंट सांगतो की अंधारात चालताना तोल जातो, तोंड धुताना डोळे मिटले की डोलल्यासारखं होतं, पावलं कापसावर पडतायत असं वाटतं. पायांबरोबर हातांनाही लवकर मुंग्या आल्या, किंवा विसरायला व्हायला लागलं, किंवा जीभ लाल गुळगुळीत होऊन झोंबायला लागली, तर बी१२चा संशय वाढतो. डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) पायाच्या अंगठ्याला लावून बघणं, डोळे मिटून उभं करून बघणं, या दोन मिनिटांच्या तपासण्या आहेत, त्या व्हायलाच हव्यात. त्या झाल्या नसतील तर स्वतःहून मागा, यात संकोच करू नका.

आणि एक गैरसमज इथेच काढून टाकते, हिमोग्लोबिन नॉर्मल आहे म्हणजे बी१२चा त्रास नाही असं अजिबात नसतं. नसांचा त्रास रक्त पूर्ण ठीक असताना होऊ शकतो. विशेषतः जे लोक फोलिक ॲसिड घेतायत त्यांच्यात. फोलिक ॲसिड बी१२च्या कमतरतेतलं रक्त सुधारून देतं, लाल पेशी परत नॉर्मल दिसायला लागतात, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. म्हणून बी१२ तपासल्याशिवाय नुसतं फोलिक ॲसिड महिनोन्महिने घेऊ नये. अपवाद एकच, गरोदर राहायचा विचार असेल तेव्हा फोलिक ॲसिड थांबवायचं नाही. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे बऱ्याच जणींना दिवस गेलेत हे कळायच्या आतच, त्यामुळे रोज ४०० मायक्रोग्रॅम आधीपासून चालू हवं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलच्या अभ्यासात, ज्यांना आधी असं बाळ झालं होतं त्या स्त्रियांमध्ये, मोठ्या डोसच्या फोलिक ॲसिडने हा दोष परत व्हायचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. व्हिटॅमिन आणि आजार यांचं इतकं स्वच्छ कारण-परिणामाचं नातं फार थोड्या ठिकाणी सापडतं.

तुमचा १६८ हा आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली आहे आणि लक्षणं आहेत, त्यामुळे तुमच्यात आणखी टेस्टची वाट बघत बसायचं कारण नाही. २०० ते ३०० च्या मधल्या लोकांचं अवघड असतं. त्यांच्यात मिथाइलमॅलोनिक ॲसिड ही टेस्ट कामी येते, बी१२ पेशींना खरोखर कमी पडत असेल तर ते वाढतं, फक्त किडनी कमजोर असेल तर तसंही वाढलेलं दिसतं हे लक्षात ठेवायचं. होमोसिस्टीन हे रक्तातलं एक अमिनो ॲसिड पण वाढतं, पण ते फोलेट (फोलिक ॲसिडचंच अन्नातलं रूप) आणि बी६ कमी असलं तरी वाढतं.

होमोसिस्टीनवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्यांचं होमोसिस्टीन जास्त त्यांना हार्ट ॲटॅक जास्त येतात हे अनेक अभ्यासांत दिसलं होतं, आणि फोलिक ॲसिड, बी६, बी१२ दिलं की होमोसिस्टीन खाली येतं हेही माहीत होतं, मग सगळ्यांना वाटलं की या गोळ्यांनी ॲटॅक टळतील. २००६ साली होप-२ नावाची ट्रायल आली, साडेपाच हजार पेशंट, पाच वर्षं गोळ्या. होमोसिस्टीन छान खाली आलं. हार्ट ॲटॅक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांत फरक पडला नाही. रक्तातला आकडा सुधारला, आजार जिथल्या तिथे.

याहून वाईट उदाहरण बीटा-कॅरोटीनचं, म्हणजे भाज्या-फळांतला तो पदार्थ ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं. ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं दिसत होतं. म्हणून फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी ट्रायल १९९६ साली मुदतीआधीच थांबवावी लागली. आपल्याला वाटत होतं की बीटा-कॅरोटीन वाचवतंय, पण रक्तात ते जास्त असणारी माणसं मुळातच भाज्या-फळं जास्त खाणारी, बाकीही निरोगी राहणारी होती, वाचवणारी गोष्ट भलतीच होती. मी हे पेशंटना नेहमी सांगते, कारण अमुक आजाराच्या लोकांत तमुक व्हिटॅमिन कमी आढळलं अशी बातमी वाचली की लोक लगेच ते व्हिटॅमिन घ्यायला लागतात, आणि मला त्याची खरंच काळजी वाटते.

व्हिटॅमिन डीचं नेमकं हेच झालंय. डी कमी असलेल्यांमध्ये डायबेटीस जास्त, डिप्रेशन जास्त, हृदयविकार जास्त, कॅन्सर जास्त, काय म्हणाल ते जास्त. पण बघा, वजन जास्त असेल तर डी चरबीत पसरून बसतं आणि रक्तात कमी दिसतं. आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, ऊन कमी मिळतं. शरीरात कुठेही सूज किंवा इन्फेक्शन चालू असेल तर डीची लेव्हल त्यानेही खाली येते. लिव्हर, किडनी बिघडली तरी तेच. म्हणजे बऱ्याच वेळा डी कमी असणं ही आजाराची खूण असते, कारण नसतं. मग खरं कसं कळणार, तर गोळी देऊन बघूनच. अमेरिकेत व्हायटल नावाची प्रचंड ट्रायल झाली, २५,८७१ लोक, रोज २००० युनिट डी, पाच वर्षांहून जास्त. कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी झालं नाही, हार्ट ॲटॅक-स्ट्रोक कमी झाले नाहीत. त्यातल्याच १८ हजारांवर लोकांमध्ये डिप्रेशन बघितलं, तिथेही फरक नाही. फ्रॅक्चरही कमी झाले नाहीत. ऑटोइम्यून आजार मात्र २२ टक्क्यांनी कमी निघाले, ते मला महत्त्वाचं वाटतं, पण तेवढ्यावर सगळ्यांना गोळी सुरू करावी असं मी म्हणणार नाही. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की या ट्रायलमधल्या बहुतेकांची डी लेव्हल मुळात ठीकच होती, त्यामुळे ज्याची खरोखर १३ किंवा ८ आहे त्याला फायदा नाही असा अर्थ यातून काढता येत नाही. डायबेटीसबद्दल म्हणाल तर शुगर सीमारेषेवर असलेल्या लोकांना रोज ४००० युनिट देऊन बघितलं, २०१९ सालच्या त्या ट्रायलमध्ये डायबेटीस होणं थोडं कमी दिसलं पण तो फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान होता. नंतर अशा ट्रायल एकत्र करून बघितल्यावर थोडा फायदा दिसतो असं निघालं, पण तो डायबेटीस व्हायच्या आधीच्या लोकांपुरता. तुम्हाला डायबेटीस होऊन बरीच वर्षं झालीत, डीने तो जाणार नाही.

मग डी कशासाठी घ्यायचं? हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. डी फार कमी झालं की कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, पॅराथायरॉईड या मानेतल्या ग्रंथींचं हॉर्मोन वाढतं आणि ते हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं, हाडं मऊ पडतात. बरगड्या, नडगी दाबली की दुखतं, खुर्चीतून उठताना किंवा जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही. तुम्हाला असं होत असेल तर अल्कलाइन फॉस्फेटेज, कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉईड हॉर्मोन बघून घ्या. २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, ३० च्या वरच हवं हा आग्रह पूर्वी होता. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ च्या गाईडलाईनमध्ये तो सोडून दिला आणि निरोगी माणसांची डी लेव्हल उगाच तपासत बसू नका असं सुचवलं. तुमची १३ आहे, ती भरून काढायची. पण मोठ्या डोसच्या गोळ्या आठवड्याच्या ऐवजी रोज घेणं, किंवा तीन महिन्यांचा कोर्स संपल्यावर तसाच वर्षभर ओढत राहणं, असं करणारे पेशंट मी वारंवार बघते. कॅल्शियम वाढून तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठता, उलट्या, गोंधळलेपण, आणि शेवटी किडनी फेल होऊन ॲडमिट. वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा एकच डोस वयस्कर स्त्रियांना देऊन बघितलं होतं, २०१० साली निकाल आला, पडणं आणि फ्रॅक्चर दोन्ही वाढले. थोडं थोडं नियमित घेणं हेच बरं.

आता थायरॉईड आणि बायोटिन. हे शांतपणे वाचा. केस-नखांच्या गोळ्यांमध्ये बायोटिन ५ ते १० मिलिग्रॅम असतं, रोजची गरज आहे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे शेकडोपट. शरीराला त्याचा सहसा त्रास होत नाही, पण लॅबच्या मशीनला होतो. बऱ्याच हॉर्मोनच्या टेस्टमध्ये बायोटिनची रासायनिक पकड वापरलेली असते, तुमच्या रक्तातलं जादा बायोटिन तिथे जाऊन बसतं आणि टीएसएच खोटा कमी, टी३-टी४ ही थायरॉईडची हॉर्मोन्स खोटी जास्त दिसतात. म्हणजे थेट हायपरथायरॉईडचं, थायरॉईड जास्त असल्याचं चित्र, आजार काहीच नाही. हार्ट ॲटॅकची ट्रोपोनिन टेस्टसुद्धा काही मशीनवर खोटी कमी येऊ शकते आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. म्हणून बायोटिन बंद करा, किमान दोन-तीन दिवस जाऊ द्या, लॅबला सांगा, आणि मग टीएसएच परत करा. तोपर्यंत थायरॉईडची गोळी सुरू करू नका. धडधड, वजन उतरणं, हात थरथरणं अशी लक्षणं असतील तर मात्र डॉक्टरांना आधी भेटा. केसांचं कारण बायोटिनची कमतरता असणं फार दुर्मिळ आहे. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची टेस्ट, बघा, लोह कमी असेल तर केसही गळतात आणि थकवाही येतो, आणि लोह व्हिटॅमिन नसल्यामुळे व्हिटॅमिनच्या पॅकेजमध्ये ते बऱ्याचदा तपासलंच जात नाही.

शुगरबद्दल अजून एक, आणि हे अनेक डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतं. बी१२, फोलेट किंवा लोह कमी होऊन रक्त कमी झालं असेल तर लाल पेशी जास्त जुन्या होईपर्यंत रक्तात फिरतात, त्यामुळे एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. उपचार सुरू झाले की नवीन पेशी भराभर येतात आणि एचबीए१सी खाली येतं. पेशंटला वाटतं बी१२ने शुगर सुधारली. शुगर तीच असते. पहिले तीन-चार महिने घरच्या ग्लुकोमीटरवर जास्त विश्वास ठेवा.

मूडबद्दल मी हात झटकणार नाही. बी१२ खरोखर कमी असेल तर उदासपणा, चिडचिड, विसरभोळेपणा, क्वचित भ्रमसुद्धा होऊ शकतो, आणि भरून काढल्यावर बरं वाटणारे पेशंट मी पाहिलेत. पण दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर ते डिप्रेशन वेगळं समजून त्याचे उपचार घ्या, व्हिटॅमिनच्या भरवशावर लांबवू नका. आणि जगणं नकोसं वाटतंय असे विचार येत असतील तर दोन महिने काय दोन दिवसही थांबायचं नाही, आजच कुणाशीतरी बोला आणि डॉक्टर गाठा.

बाकी व्हिटॅमिनचं थोडक्यात. बी१चा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, त्यामुळे गरोदरपणातल्या सततच्या उलट्या, वजन कमी करायचं ऑपरेशन, दारूचं व्यसन यात ते झपाट्याने संपतं, आणि डोळ्यांची हालचाल बिघडणं, तोल जाणं, गोंधळणं यापैकी काहीही दिसलं तर ती इमर्जन्सी आहे, हॉस्पिटलमध्ये ग्लुकोज चढवायच्या आधी किंवा निदान बरोबरच बी१ द्यावं लागतं. ए, डी, ई, के यातली एकापेक्षा जास्त एकदम कमी असतील तर चरबीचं शोषण बिघडलंय असं समजून सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं खराब होणारा आजार), स्वादुपिंड, पित्ताचा मार्ग हे बघायचं. लोह, बी१२, डी तिन्ही कमी आणि खाणं नीट आहे, तर सीलिॲकची रक्ततपासणी कराच, कधीकधी पोट अजिबात न बिघडता तो आजार नुसत्या कमतरतांच्या रूपात समोर येतो. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी के असलेली मल्टिव्हिटॅमिन डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये.

आणि बी६. मुंग्यांसाठी मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत बी१२बरोबर बी६ मोठ्या डोसमध्ये असतं, आणि बी६ जास्त काळ जास्त घेतलं की त्यानेच नसा खराब होऊन मुंग्या येतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली त्याची वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली. तुमच्या पाकिटावर पायरिडॉक्सिन, म्हणजेच बी६, किती लिहिलंय ते वाचा, दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्यांत असेल तर बेरीज करा. टीबीचं आयसोनियाझिड चालू असणाऱ्यांना बी६ मुद्दाम दिलेलं असतं, त्यांनी ते थांबवायचं नाही.

तुमच्या डॉक्टरांशी बोलायचं ते असं. नसांची लक्षणं आहेत म्हणून बी१२ची सुरुवात इंजेक्शनने करणं मला जास्त योग्य वाटतं, पहिले काही आठवडे लवकर लवकर आणि नंतर अंतर वाढवत. पुढे रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी चालू शकते, कारण बी१२चा एखादा टक्का इंट्रिन्सिक फॅक्टरशिवायही आत जातो आणि एवढ्या डोसमध्ये तेवढं पुरतं. मेटफॉर्मिन चालू आहे तोवर हे चालू ठेवायचं, लेव्हल नॉर्मल आली म्हणून बंद केलं की वर्षा-दोन वर्षांत परत तिथेच याल. रक्त फारच कमी असेल तर पहिल्या आठवड्यात पोटॅशियम बघायला सांगा, नवीन पेशी तयार होताना ते खाली जाऊ शकतं.

फरक कधी दिसेल हेही सांगते कारण लोक आठ दिवसांत निराश होतात. रक्त कमी असेल तर नवीन पेशी आठवडाभरात वाढलेल्या दिसतात आणि हिमोग्लोबिन साधारण दोन महिन्यांत भरून येतं. नसांना वेळ लागतो, तीन ते सहा महिने, काहींना वर्षसुद्धा. सुरुवातीला काही दिवस मुंग्या उलट वाढल्यासारख्या वाटल्या तरी इंजेक्शन सोडू नका. डी परत तपासायचं ते तीन महिन्यांनी, आधी नाही. आणि या काळात चालताना पाय ओढायला लागले, लघवीवरचा ताबा सुटला, किंवा बधिरपणा घोट्यावरून गुडघ्याकडे सरकायला लागला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टकडे जा.